नागोयाहून माढ्यापर्यंत : नकलेच्या वाद्यांचा प्रवास

माढा तालुक्यातल्या एका जुन्या ऑर्केस्ट्रा-वादकाच्या घरी गेल्या वर्षी एक बेस गिटार पाहण्यात आली. माळ्यावर, गोधडीत गुंडाळून ठेवलेली. चार तारांपैकी तीन शिल्लक, माथ्यावरचे नाव घासून गेलेले. मान जिथे धडाला जोडलेली असते, तिथल्या मागच्या पट्टीवर ‘मेड इन जपान’ एवढीच अक्षरे. वादक आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने विचारले, “सर, पुण्याचं एक गिऱ्हाईक मागतंय. पण ही अस्सल आहे का नक्कल, तेवढं सांगा.” प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर शोधताना मात्र बरेच लांब जावे लागले.

बेस गिटारला चार जाड तारा असतात आणि त्या साध्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात. त्याआधी हे काम माणसापेक्षा उंच असा डबल बेस करीत असे. तो मोटारीच्या टपावर बांधून न्यावा लागे आणि ट्रम्पेट-ड्रमच्या गलक्यात त्याचा आवाज बुडून जाई. सिएटलच्या पॉल टटमार्क याने 1930 च्या दशकात विजेवर चालणारा, आडवा धरण्याचा बेस करून पाहिला होता. पण तो फारसा चालला नाही. 1951 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर याने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. मानेवर पडदे असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून हे नाव. 1960 मध्ये त्याचाच ‘जाझ बेस’ आला. पुढे जगभर ज्यांच्या नकला झाल्या, त्यांत हे दोन नमुने प्रमुख होत.

तिसरा नमुना जर्मनीचा. हॉफनर कंपनीने 1956 मध्ये व्हायोलिनच्या आकाराचा बेस काढला. हॅम्बुर्गच्या क्लबांत वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये तो घेतला. फेंडर परवडत नव्हता, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने हॉफनर डावखुऱ्या हातालाही शोभत होता. बीटल्समुळे स्वस्तातला तो बेस जगप्रसिद्ध झाला आणि लवकरच त्याच्याही नकला निघाल्या.

बीटल्सच्या लाटेत गिटारींची मागणी इतकी वाढली की अमेरिकी कारखाने पुरे पडेनात. ती पोकळी जपानने भरली. मात्सुमोतो शहरात 1960 मध्ये फुजिगेन हा कारखाना निघाला. नागोयातल्या होशिनो या पुस्तकांच्या दुकानाने 1908 मध्ये वाद्यविभाग सुरू केला होता. पुढे स्पेनच्या साल्वादोर इबानेझ या कारागिराच्या गिटारी आयात करता करता होशिनोने त्याचेच नाव आपल्या मालाला घेतले. एकाच कारखान्यातून निघालेल्या वाद्यांवर वेगवेगळ्या देशांतल्या व्यापाऱ्यांची नावे चिकटवली जात. म्हणूनच नाव आणि क्रमांक पुसलेली जपानी गिटार नेमकी कुणाची, हे सांगणे अवघड जाते.

जानेवारी 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएसने 1 कोटी 30 लाख डॉलरना विकत घेतली. त्यानंतर मालाचा दर्जा घसरला, अशी वादकांची तक्रार वाढत गेली. त्याच काळात जपानी नकला सुधारत गेल्या. अखेर 1977 मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने होशिनोच्या अमेरिकी शाखेवर फिलाडेल्फियात दावा लावला. दाव्याचा विषय सबंध गिटार नव्हता. मुद्दा फक्त माथ्याच्या आकाराचा होता, आणि होशिनोने तो आकार आधीच बदलायला घेतला होता. 1978 मध्ये तडजोड झाली. याहून बोलकी घटना 1982 ची. त्या वर्षी फेंडरने ‘फेंडर जपान’ काढली आणि वाद्ये बनवण्याचे काम दिले फुजिगेनला. नक्कल करता करता ज्यांचे हात तयार झाले, त्यांनाच मूळ कंपनीने कामाला बोलावले.

आपल्याकडे या वाद्याची गरज निर्माण केली ती सिनेसंगीताने. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी जत्रेत, गणपतीत जशीच्या तशी हवीत, असा श्रोत्यांचा हट्ट. मग ऑर्केस्ट्रावाल्यांना बेस हवाच. परकीय चलनाच्या टंचाईत परदेशी वाद्य परवान्याशिवाय येत नसे. कुणी जहाजावरच्या ओळखीच्या माणसाकडून, कुणी मुंबईत जुने वापरलेले, असे मिळवी. कोलकात्यात ‘गिवसन’, ‘गिबटोन’ अशा नावांच्या देशी गिटारी होत. नावांतच मूळ कंपनीचा प्रतिध्वनी. बेसच्या तारा तर महागच. त्या मळल्या की पाण्यात उकळून पुन्हा चढवायच्या, ही युक्ती जगभरच्या बेसवाल्यांना ठाऊक आहे. माढ्याच्या या घरातही त्यासाठी वेगळे पातेले होते, असे मुलाने सांगितले.

नागोया हे नाव आपल्या वरातीतही दडलेले आहे. 1912 मध्ये त्याच शहरात गोरो मोरिता याने टाइपरायटरसारखी बटणे असलेले ‘तैशोगोतो’ हे तंतुवाद्य बनवले. ते हिंदुस्थानात आले आणि ‘बुलबुलतरंग’ झाले. महाराष्ट्राने त्याला ‘बेंजो’ म्हटले. कातडे ताणलेल्या गोल अमेरिकी बॅन्जोशी त्याचे काही नाते नाही. आपल्या कारागिरांनी त्याला पिकअप बसवला, कर्ण्याला जोडला आणि ‘बेंजो पार्टी’ उभी राहिली. वरातीत नाचणाऱ्या कुणालाही हे जपानी वाद्याचे रूप आहे, असे वाटत नाही.

आणखी जवळचे उदाहरण मिरजेचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब मोडके तंबोरे दुरुस्त करू लागले. दुरुस्तीसाठी वाद्य उघडावे लागते आणि उघडले की ते समजते. त्यातून ते स्वतः वाद्ये घडवू लागले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्याने केलेले वाद्य उघडून पाहण्यापासून मात्सुमोतोचे कारागीर जसे शिकले, तसेच मिरजेचेही. फरक एवढाच की मिरजेच्या शिक्षणाला कुणी नक्कल म्हटले नाही.

मुलाला मी जे खात्रीने सांगता येईल तेवढेच सांगितले. ही फेंडर नव्हे. घडण जाझ बेसच्या नमुन्याची, बनावट जपानची. क्रमांक नसल्याने कारखाना ठरवता येत नाही. किंमत बाजार ठरवील.

मग त्याने गोधडीच्या घडीतून वडिलांची वही काढली. गाव, तारीख, गाण्यांची यादी, मिळालेली बिदागी. मोडनिंब, कुर्डुवाडी, माढेश्वरीचे नवरात्र. एका पानावर “तार तुटली, तीनवर भागवले” अशी नोंद. आपल्या तालुक्यातल्या ऑर्केस्ट्राचा इतिहास कुठे छापलेला नाही. तो अशा वह्यांत आहे, आणि वह्या रद्दीत जातात. गिटार विकायची की ठेवायची, हे त्या घराने ठरवावे. मी फक्त वहीची झेरॉक्स मागितली. तो स्टँडवरच्या दुकानात गेला आणि दोन प्रती काढून आणल्या. एक माझ्यासाठी, एक गिटारच्या गोधडीत ठेवायला.