जुन्या ब्रिटिश बाईकसाठी मालकांनी नेमके किती पैसे मोजले?

एप्रिल 2016. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला बॉनहॅम्स या कंपनीनं जुन्या मोटरसायकलींचा लिलाव ठेवला होता. त्यात कॉर्नवॉलच्या बॉडमिन मूर भागातून आणलेल्या आठ ‘ब्रफ सुपीरियर’ होत्या. पन्नासहून जास्त वर्षं त्या कोठारात पडून होत्या. गंज चढलेला, कितीतरी भाग सुटे झालेले. त्यातली 1938 ची चार सिलिंडरची बीएस4 त्याच अवस्थेत 3,31,900 पौंडांना गेली. तेव्हाच्या दरानं हे झाले सुमारे 3.2 कोटी रुपये.

अशी बातमी फिरली की एक कमेंट ठरलेली असते : ‘आजोबांनी भंगारात घातली, नाहीतर आज आपण करोडपती असतो.’ खरंच असतो का? उत्तर शोधायचं तर या बाईकसाठी कुणी, कधी आणि किती पैसे दिले, हे बघावं लागेल.

नवी होती तेव्हा काय किंमत होती?

ब्रफ सुपीरियर बनायची नॉटिंगहॅममध्ये. जॉर्ज ब्रफ यांनी 1924 मध्ये ‘एसएस100’ हे मॉडेल आणलं. नावातल्या 100 चा अर्थ होता ताशी 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर वेगाची हमी. किंमत 170 पौंड. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण तेव्हा इंग्लंडमधला कुशल कामगार आठवड्याला साधारण तीन पौंड कमवायचा. म्हणजे एक पैसाही खर्च न करता वर्षभराहून जास्त काळ राबला, तर बाईक दारात. त्यामुळे गिऱ्हाईकही तसंच असायचं. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स यांनी एकामागोमाग सात ब्रफ वापरल्या. 1935 मध्ये ब्रफवरच झालेल्या अपघातानंतर त्यांचा मृत्यू झाला.

आता दुसरं टोक. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948 मध्ये बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं ‘बँटम’ ही 125 सीसीची छोटी बाईक आणली. किंमत 60 पौंड आणि वर खरेदी कर, एकूण 76 पौंडांच्या आसपास. तेव्हा कष्टकरी पुरुषाची आठवड्याची सरासरी कमाई सात पौंडांच्या जवळ होती. म्हणजे हिशोब अकरा आठवड्यांच्या पगाराचा. बहुतेक घरांत पोहोचली ती अशी बाईक. ब्रफ पोहोचली नाही.

मग या बाईक मातीमोल कधी झाल्या?

1950 च्या दशकात ब्रिटनमध्ये मोटरसायकल हे कुटुंबाचं वाहन होतं. नवरा चालवणार, बायको मागे, पोरं बाजूच्या साईडकारमध्ये. 1959 मध्ये मिनी ही छोटी कार आली. तिची सुरुवातीची किंमत कर धरून 500 पौंडांच्या आत होती. डोक्यावर छप्पर मिळत असताना पावसात कोण भिजणार? कुटुंबं कारकडे वळली. दहा वर्षांनी होंडाची चार सिलिंडरची सीबी750 आली. ती बटणावर सुरू व्हायची आणि ब्रिटिश बाईकसारखं तेल गळत नव्हतं. 1970 च्या दशकात बीएसए आणि नॉर्टन बुडाल्या. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना काही वर्षं कामगारांनी सहकारी पद्धतीनं चालवला, पण 1983 मध्ये तोही बंद पडला.

याच काळात जुन्या बाईक कवडीमोलानं विकल्या गेल्या. बॉडमिन मूरच्या त्या आठ बाईकही एका हौशी माणसानं त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं तेव्हा जमवल्या होत्या.

तरुण पोरांनी तर मोडतोडच केली. ट्रायम्फचं इंजिन काढायचं, नॉर्टनच्या सांगाड्यात बसवायचं आणि झाली ‘ट्रायटन’. गाडी भन्नाट पळायची, पण दोन मूळ बाईक कायमच्या संपायच्या. आजच्या किमतींचं एक मोठं कारण इथं आहे.

आज कोट्यवधी नेमके कशाचे मिळतात?

पहिलं कारण संख्या. व्हिन्सेंट कंपनीची ‘ब्लॅक लाइटनिंग’ ही रेसिंग बाईक जेमतेम तीसएक बनली. त्यातली 1951 ची एक जानेवारी 2018 मध्ये लास वेगासच्या लिलावात 9,29,000 डॉलरला गेली. लिलावात विकल्या गेलेल्या कुठल्याही मोटरसायकलसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

दुसरं कारण इतिहास. याच बाईकवर 1953 मध्ये ऑस्ट्रेलियात ताशी 141.5 मैलांचा, म्हणजे जवळपास 228 किलोमीटरचा राष्ट्रीय विक्रम झाला होता.

तिसरं कारण अस्सलपणा. इंजिनवरचा आणि सांगाड्यावरचा नंबर कारखान्याच्या नोंदींशी जुळला पाहिजे. ब्रिटनमध्ये 1946 पासून काम करणारा व्हिंटेज मोटर सायकल क्लब अशा जुन्या नोंदी सांभाळतो आणि बाईकच्या वयाचा दाखला देतो. म्हणूनच नवा रंग मारून चकचकीत केलेल्या बाईकपेक्षा कधीकधी गंजलेली पण न छेडलेली बाईक जास्त भाव खाते.

बँटमकडे यातली दोन कारणं नाहीत. ती लाखोंनी बनली आणि तिच्या नावावर विक्रमही नाहीत. ती आजही काही हजार पौंडांच्या आतच मिळते.

बातमीतला आकडा म्हणजे मालकाचा नफा का?

नाही. लिलावाच्या जाहीर किमतीत खरेदीदारानं कंपनीला दिलेलं कमिशनही धरलेलं असतं. विकणाऱ्याकडूनही बहुतेकदा कमिशन कापलं जातं. म्हणजे हातात येणारी रक्कम बातमीतल्या आकड्यापेक्षा कमी.

महागाईचंही तसंच. 1924 चे 170 पौंड म्हणजे आजचे दहा हजारांहून जास्त. 1929 ची एक एसएस100 डिसेंबर 2014 मध्ये 3,15,100 पौंडांना गेली. नुसते आकडे बघितले तर वाढ 1,800 पटींहून जास्त. महागाई वजा केली तर साधारण तीसपट, आणि तीही 85 वर्षांत.

मधल्या खर्चाचा हिशोब तर कुणी मांडतच नाही. इंजिन उघडणं, सुटे भाग शोधणं, क्रोम चढवणं, विमा, गॅरेज. ब्रिटिश सरकार 40 वर्षांवरच्या वाहनांना रस्ता कर माफ करतं, तेवढाच दिलासा. साधी ट्रायम्फ किंवा बीएसए नीट दुरुस्त करायला कित्येकदा तिच्या विक्री किमतीपेक्षा जास्त पैसे जातात. मालक हे जाणून असतात. रविवारी किक मारल्यावर जो आवाज येतो, त्यासाठी ते खर्च करतात.

बाईक महाग, मग कंपनीची किंमत किती?

ही तुलना मजेशीर आहे. बीएसए एकेकाळी जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी होती. 2016 मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहानं ती 34 लाख पौंडांना घेतली. म्हणजे बॉडमिन मूरच्या त्या गंजलेल्या बाईकसारख्या दहा बाईक विकल्या असत्या, तर जवळपास अख्खी बीएसए आली असती. टीव्हीएसनं 2020 मध्ये नॉर्टन 1.6 कोटी पौंडांना घेतली. ट्रायम्फची स्पीड 400 आता बजाज पुण्याजवळ चाकणला बनवते. 2023 मध्ये ती 2.33 लाख रुपयांना बाजारात आली.

मग आजोबांच्या बाईकचं काय?

इंग्लंडमधल्या ज्या आजोबांनी बाईक भंगारात घातली, त्यांची ती बहुधा बँटम असणार, ब्रफ नव्हे. नातवाचे त्यात कोट्यवधी बुडाले नाहीत, फार तर काही हजार पौंड. पण आजोबांनी तिच्यासाठी अकरा आठवड्यांचा पगार मोजला होता. पुढच्या वेळी ‘कोठारात सापडली, कोटींना गेली’ अशी पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा : अशा किती बनल्या होत्या, नंबर जुळतात का आणि आकड्यात कमिशन धरलंय का.