८ डिसेंबर, नाना पेठ : एका फेस्ताचा लिस्बन ते पुणे प्रवास

१/१५
दरवर्षी ८ डिसेंबरला पुण्याच्या नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळच्या चर्चचा वार्षिक सण असतो. पुणेकर त्याला ‘सिटी चर्च’ म्हणतात. पूर्ण नाव ‘चर्च ऑफ अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन’. स्थापना १७९२. हे पुण्यातील पहिले कॅथलिक चर्च. पेशव्यांच्या राजधानीत हे चर्च कसे उभे राहिले आणि त्याच्या सणाला नेमकी हीच तारीख का मिळाली, याचा हा मागोवा.

२/१५
कॅथलिक परंपरेत पुष्कळ चर्च एखाद्या संताच्या किंवा मरियेच्या नावे अर्पण केलेली असतात. गावाला जसे ग्रामदैवत, तसा चर्चच्या परिसराला पालकसंत. पुण्याला कसबा गणपती, तसे इटलीतील नेपल्सला सान जेन्नारो. त्यांचा सण १९ सप्टेंबरला. गोव्यात या सणाला ‘फेस्त’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘फेस्ता’वरून आला.

३/१५
फेस्ताची बांधणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. आधी नऊ दिवस प्रार्थना, म्हणजे नोव्हेना. मग सणाच्या दिवशी मोठी मिस्सा, पुष्कळदा मूर्तीची मिरवणूक आणि शेवटी सहभोजन. नवरात्र आणि उत्सव यांचा परिचय असलेल्या मराठी माणसाला हा क्रम मुळीच परका वाटू नये.

४/१५
‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ म्हणजे निष्कलंक गर्भसंभव. याचा संबंध येशूच्या जन्माशी आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो स्वतः मरियेविषयी आहे. आई हन्नाच्या उदरात आल्या क्षणापासून मरिया आदिपापाच्या डागापासून मुक्त होती, अशी ही श्रद्धा.

५/१५
तारखेचे गणितही त्यातूनच येते. ८ डिसेंबरपासून बरोबर नऊ महिन्यांनी ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मोत्सव. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा आणि श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउली यात्रा त्याच जन्मोत्सवाच्या निमित्ताने सप्टेंबरात भरतात. नाना पेठेचे फेस्त हे त्या चक्राचे दुसरे टोक.

६/१५
येथे एक कोडे पडते. निष्कलंक गर्भसंभव हा चर्चचा अधिकृत सिद्धान्त म्हणून पोप नववे पायस यांनी घोषित केला तो ८ डिसेंबर १८५४ रोजी. पुण्यातील चर्चची स्थापना त्याच्या ६२ वर्षे आधीची. सण मात्र सिद्धान्ताहून जुना होता. पोप अकरावे क्लेमेंट यांनी १७०८ मध्ये तो सर्व कॅथलिकांना बंधनकारक केला होता. तरीही शेकडो संतांमधून पुण्यासाठी हेच नाव का निवडले गेले?

७/१५
उत्तराचा धागा पोर्तुगालमध्ये सापडतो. १६४० मध्ये पोर्तुगालने स्पॅनिश राजसत्तेचे जोखड झुगारले. १६४६ मध्ये राजा चौथा जुआंव याने निष्कलंक मरियेला राज्याची आश्रयदात्री घोषित केले आणि राजमुकुट तिला अर्पण केला. त्यानंतर पोर्तुगालच्या राजांनी मस्तकी मुकुट धारण केला नाही, अशी परंपरा सांगितली जाते.

८/१५
त्या राज्यात गोवाही होता. पणजीत उंचावर, नागमोडी पायऱ्यांच्या माथ्यावर उभ्या असलेल्या प्रसिद्ध पांढऱ्या चर्चचे नावही हेच, आणि त्याचे फेस्तही ८ डिसेंबरलाच. पणजीची ही भक्ती तर राजाच्या घोषणेहूनही जुनी. तेथील पहिले प्रार्थनामंदिर सोळाव्या शतकातील. म्हणजे गोमंतकीय ख्रिस्ती माणसासाठी हे नाव घरचे होते.

९/१५
ही माणसे पुण्यात आली ती सैनिक म्हणून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी युद्धपद्धती बदलत होती. घोडदळाच्या जोडीला कवायती पायदळ आणि तोफखाना आवश्यक झाला होता. बंदुका-तोफांची जाण असलेल्यांना मागणी होती. त्यांत पोर्तुगीज अधिकारी आणि गोमंतकीय ख्रिस्ती शिपाईही होते.

१०/१५
१७९२ साली सवाई माधवराव अवघे अठरा वर्षांचे होते. कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. त्याच वर्षी टिपूविरुद्धचे युद्ध श्रीरंगपट्टणच्या तहाने संपले आणि महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात दाखल झाले. शहरात फौजांचा राबता होता. याच सुमारास ख्रिस्ती सैनिकांच्या चर्चसाठी पेशव्यांनी शहराच्या पूर्व कडेला जागा दिली. या मागणीशी पेशव्यांच्या सेवेतील पोर्तुगीज अधिकारी डोम मिगेल द नोरोन्या यांचे नाव जोडले जाते.

११/१५
ही मागणी केवळ सोयीची नव्हती. कॅथलिक माणसाला बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्युसमयीचा अंतिम संस्कार यांसाठी धर्मगुरू हवा असतो. उद्या लढाईत मरण येऊ शकते अशा शिपायाच्या दृष्टीने संस्काराविना मरणे ही मरणाहूनही मोठी भीती. ज्या शहरात धर्मगुरू नाही आणि दफनाला जागा नाही, तेथे तो बायकामुलांसह किती काळ टिकणार? चर्चला जागा देणे म्हणजे फौज टिकवणे, हे दरबाराला समजत होते.

१२/१५
या देणगीला आणखी एक पार्श्वभूमी आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. वाईजवळ खुद्द नाना फडणवीसांच्या मेणवलीत अशी एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आणि १७०७ हे साल आहे. ज्यांच्या घाटावर शत्रूच्या चर्चची घंटा, त्यांच्याच कारभारात ख्रिस्ती शिपायांना चर्चसाठी जमीन! पोर्तुगीज सत्ता शत्रू होती. चाकरीतला शिपाई मात्र आपला होता.

१३/१५
म्हणून या घटनेला आजच्या अर्थाची ‘धर्मनिरपेक्षता’ म्हणणे घाईचे ठरेल. त्याच पुण्यात जातींची बंधने अत्यंत कठोर होती. पण तिचे मोल कमी लेखण्याचेही कारण नाही. १७९२ मध्ये गोव्यात इन्क्विझिशन अद्याप चालू होते. ते कायमचे बंद झाले १८१२ मध्ये. त्या काळात एका हिंदू दरबाराने परधर्मीय चाकरांची धार्मिक गरज मान्य केली, एवढे निश्चित म्हणता येते.

१४/१५
१८१७-१८ मध्ये पेशवाई संपली आणि शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी वसली. इंग्रजी फौजेत आयरिश कॅथलिक पुष्कळ. त्यांच्यासाठी १८५० मध्ये सेंट पॅट्रिक चर्च उभे राहिले. त्याचा सण १७ मार्चला, आयर्लंडच्या पालकसंताच्या दिवशी. १८८६ मध्ये पुणे स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यावर सेंट पॅट्रिक त्याचे कॅथीड्रल ठरले. जुने सिटी चर्च ‘शहराचे’ म्हणूनच ओळखले जात राहिले.

१५/१५
८ डिसेंबर आणि १७ मार्च. एक तारीख गोव्याच्या शिपायांनी आणली, दुसरी आयर्लंडच्या. कोणत्याही स्थलांतरिताप्रमाणे दोघांनीही परक्या मुलखात आधी आपला सण रुजवला. पेशव्यांची फौज गेली, इंग्रजांची छावणी गेली. आज पुण्यातील कॅथलिक समाजात कोकणी, मराठी, तमिळ, मल्याळम अशा अनेक भाषा बोलणारे लोक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा पेशव्यांच्या तोफखान्याशी काही संबंध नाही. तरीही २९ नोव्हेंबरपासून नऊ दिवस मोजले की नाना पेठेत फेस्ताचा दिवस उजाडतो. पुण्याच्या इतिहासात शनिवारवाड्याच्या जोडीला या तारखेचीही नोंद असायला हवी.

(समाप्त)