मोटारगाडीतील तापमान-नियंत्रणाचा बिघाड व घरगुती दुरुस्ती

मोटारगाडीच्या वातानुकूलनात थंडावा निर्माण करणारी यंत्रणा आणि त्या थंडाव्याचे प्रमाण ठरवणारी यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण फिरवूनही हवेचे तापमान बदलत नसेल, तर दोष बहुधा दुसऱ्या यंत्रणेत असतो. तरीही गाडीमालक प्रथम ‘गॅस भरून’ घेतात आणि तो खर्च बऱ्याचदा वाया जातो. ठरवलेले तापमान आपोआप राखणारे नियंत्रण अमेरिकेतील कॅडिलॅक गाड्यांत १९६४ मध्ये आले, मात्र साध्या गाड्यांत आजही हे काम हाताने फिरवायच्या बटणावर चालते.

ब्लोअरने ओढलेली हवा आधी बाष्पकावरून, म्हणजे गॅरेजमध्ये जिला कूलिंग कॉइल म्हणतात त्या जाळीवरून, जाऊन थंड व कोरडी होते आणि त्यातली किती हवा पुढे हीटरवरून न्यायची हे मिश्रण-झडप ठरवते. हीटरमध्ये इंजिनाचे गरम कूलंट खेळत असते. साध्या गाडीत ही झडप बटणाला जोडलेल्या केबलने हलते, तर स्वयंचलित नियंत्रणाच्या गाडीत ती अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे प्लास्टिकची दातेरी चाके असलेली छोटी विद्युत् मोटर, हलवते.

निदानाची सर्वांत उपयुक्त खूण काळाशी निगडित आहे. गार इंजिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे हवा थंड येत असेल आणि इंजिन तापू लागताच ती कोमट होत असेल, तर झडप गरम बाजूला अडकली आहे असे समजावे. याउलट लांबच्या प्रवासात, विशेषतः पावसाळी दमट हवेत, झोत हळूहळू मंदावत असेल आणि ए.सी. थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतो आहे. अशा वेळी कॉम्प्रेसर वेळीच थांबवणारा थर्मिस्टर, म्हणजे उष्णता वाढताच ज्याचा विद्युत्‌रोध घटतो असा संवेदक, तपासावा. तो काढून मल्टिमीटरला जोडावा व बर्फाच्या पाण्यातून मुठीत आणावा. आकडा बदलला नाही तर तो निकामी आहे. डॅशबोर्डाच्या आतून येणारी टकटक ही अ‍ॅक्च्युएटरचे दाते झिजल्याची खूण होय.

डॅशबोर्ड उघडण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबणे आवश्यक आहे, कारण जवळच एअरबॅगची जोडणी असते; तिच्या पिवळ्या वेष्टणाच्या तारांना हात लावू नये. केबल खुंटीवरून निसटली असेल तर ती पुन्हा अडकवून क्लिप घट्ट करणे एवढेच पुरते. अनेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्स उतरवला की अ‍ॅक्च्युएटर दिसतो आणि दोनतीन स्क्रू काढून तो बदलता येतो. मात्र बदलण्याआधी झडप बोटाने फिरवून पाहावी, कारण झडपच अडकली किंवा तुटली असेल तर नवी मोटरही टिकणार नाही. बॅटरी पुन्हा जोडल्यावर काही गाड्या झडपेच्या दोन्ही टोकांची नोंद स्वतःच घेतात, काहींना त्यासाठी निदानयंत्र लावावे लागते.

शीतक वायूची बंद नळी मात्र घरी उघडू नये. अनेक गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू साध्या वातावरणीय दाबाला उणे २६° से. तापमानाला उकळतो, त्यामुळे त्याचा फवारा त्वचेला व डोळ्यांना गंभीर इजा करतो. शिवाय हवेत सुटल्यास त्याचा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक असतो. हे काम वायू परत गोळा करण्याचे यंत्र असलेल्या कारागिराकडेच सोपवावे.