आकाशातून उतरलेली पेटी

नांदेड-लातूरच्या शिवारात पहाटे रंगीत हवाई छत्री, लांब दोर आणि त्यास बांधलेली पेटी पडलेली दिसली, तर शेतकऱ्यास भय वाटावे हे स्वाभाविक आहे. त्या पेटीचा इतिहास मात्र भयापेक्षा कौतुकाचा आहे.

१९१२ साली व्हिक्टर हेस याने फुग्यातून सुमारे पाच हजार मीटर उंची गाठून विश्वकिरणांचा शोध लाविला. हे किरण म्हणजे बहुतांशी विद्युत्‌भारित अणुकेंद्रे होत. १९३२ साली कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी विद्युद्दाबाने प्रोटॉनांस वेग देऊन लिथियमचे केंद्र फोडिले; परंतु निसर्ग हाच उद्योग अनादि कालापासून कितीतरी अधिक वेगाने करीत आला आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने फुगे उडवून या निसर्गदत्त यंत्राचाच लाभ घेतला. हैदराबाद तिला विशेष सोयीचे पडले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ असल्याने १६-१७ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टांहून दुबळे प्रोटॉन माथ्यावरून सरळ खाली उतरूच शकत नाहीत. चाळणी आयतीच लागते. १९६९ पासून तेथे संस्थेचे कायमचे उड्डाणकेंद्र आहे.

पूर्वी या फुग्यांबरोबर छायाचित्रणाच्या काचांसारख्या, पण जाड लेपाच्या प्लेटा जात. कण लेपातून धावला की वाटेतील अणूंचे इलेक्ट्रॉन उडवितो, आणि प्लेट धुतल्यावर त्याच्या मार्गावर चांदीचे काळे कण उमटतात. समान वेगाच्या कणांत हा आघात भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लोहाचे केंद्र प्रोटॉनाच्या ६७६ पट घाव घालते! विश्वकिरणांत जड केंद्रे आहेत, हे १९४८ साली अमेरिकेत अशाच प्लेटांवरून कळले. त्या शोधातील बर्नार्ड पीटर्स पुढे मुंबईस या संस्थेत येऊन राहिले. प्लॅस्टिकच्या पत्र्यात रेणूंच्या साखळ्या तुटतात, आणि कॉस्टिक सोड्यात घातल्यावर तेथे खळगा पडतो.

गणकयंत्राचे आकडे बिनतारी संदेशाने खाली येतात. प्लेट मात्र हाती आल्यावाचून एक अक्षर बोलत नाही. उड्डाण संपताच फुग्यापासून पेटी सोडवितात, आणि वारा नेईल तेथे ती उतरते. म्हणूनच संस्थेच्या जाहीर सूचनांत नांदेड व लातूर या जिल्ह्यांची नावे असतात. पेटी उघडू नये, आत उच्च दाबाची वीज असू शकते, पोलिसांस कळवावे, बक्षीस मिळेल, असा त्यांचा आशय असतो. विजेचे कारण खरेच. पण प्लेटांच्या बाबतीत दुसरेही एक होते, आणि आम्हांस तेच मोठे वाटते. कोणी उत्सुकतेने झाकण काढले आणि क्षणभर ऊन आत शिरले, तर तीस किलोमीटर उंचीवर काढलेल्या त्या सर्व रेषा एका काळ्या डागात बुडून जात.