बंबाची राख आणि गीझरचा गाळ

यंत्र कोणीं शोधिलें हें इतिहासांत नमूद होतें. तें रोज कोण घाशीत होतें हें सहसा होत नाहीं. स्नानाच्या ऊन पाण्याची कथा या दुसऱ्या अंगानें सांगावी असें आमच्या मनांत आलें, त्यास निमित्त झालें वालीवचें. वसई रोड स्थानकावरून पूर्वेस महामार्गाकडे जातांना हें गांव लागतें. आज तेथें कारखान्यांच्या गाळ्यांची दाटी आहे. तेथील एका स्नेह्यांच्या घरीं विजेचा गीझर पाणी तापवीनासा झाला. उघडून पाहतों तों आंत ओंजळभर पांढुरका गाळ! घरांतील आजीबाई म्हणाल्या, "आमच्या बंबांत एवढं साचेपर्यंत सासूबाई गप्प बसल्या नसत्या."

ज्यांनीं बंब पाहिला नाहीं अशा तरुण वाचकांसाठीं सांगावयाचें तर, तांब्याचें उभें भांडें, त्याच्या मधून आरपार गेलेली नळी आणि नळीच्या बुडाशीं जाळी, एवढीच त्याची रचना. वरून कोळसे, करवंट्या, लांकडाच्या ढलप्या टाकावयाच्या. विस्तव नळींत, पाणी तिच्या सभोंवतीं, राख खालीं. रशियन सामोव्हाराचें तत्त्व हेंच. पोर्तुगीज भाषेंत पंपास 'बोंबा' म्हणतात आणि आगीच्या बंबाचें नांव त्यावरूनच आलें असें मानतात. वसईवर पोर्तुगिजांचा अंमल 1534 पासून 1739 पर्यंत होता, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

बंबाची निगा मात्र कोणत्याहि ग्रंथांतून शिकावी लागत नसे. राख रोज काढावयाची. चिंच, मीठ आणि राख यांनीं तांबें उजळावयाचें. आणि नरकचतुर्दशीच्या अभ्यंगापूर्वीं तर तो आरशासारखा झालाच पाहिजे. हें काम सुनांचें, मोलकरणींचें, क्वचित् मुलांचें. त्याला कोणी विद्या म्हटलें नाहीं. पण ती विद्याच होती, हें ती गेल्यावर कळतें.

'गीझर' हा शब्द आला आइसलंडांतील उसळत्या उष्णोदकावरून. लंडनच्या बेंजामिन मॉघन यानें 1868 त वायूवर पाणी तापविणाऱ्या आपल्या यंत्रास तें नांव दिलें. त्याला धुराडें नव्हतें, म्हणून तें धोक्याचें होतें. पुढें 1889 त एडविन रूड यानें अमेरिकेंत आपोआप चालणारी सांठवणीची टांकी सिद्ध केली. वसईकरांना मात्र उष्णोदकासाठीं आइसलंडला जाण्याचें कारण नव्हतें. तानसेच्या कांठीं वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी येथें तें भूमीतूनच येतें.

आतां गाळाविषयीं. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यांत चुना विरघळलेला असतो. पाणी तापलें म्हणजे त्यांतील कर्बवायु निघून जातो आणि चुना खडूच्या रूपानें खालीं बसतो. हा थर उष्णता अडवितो. वीज जळते, पाणी तापत नाहीं. बंबांतहि तो बसे, परंतु बंब हाताखालून जात असे. गीझर भिंतीवर उंच, झांकलेला. पुष्कळ गीझरांत मॅग्नेशियमची एक दांडी असते, ती स्वतः झिजून पोलादी टांकीला गंजापासून वांचविते. जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडून हाच उपाय हंफ्री डेव्हीनें 1824 त दाखविला होता.

आम्ही वालीवच्या त्या घरीं वीज बंद केली, पाणी निवूं दिलें, गार पाण्याची तोटी मिटली. ऊन पाण्याचा नळ हवेसाठीं उघडा ठेवून खालचें बूच काढलें. मग थोडें थोडें गार पाणी आंत सोडीत राहिलों. तिसऱ्या बादलीला तें नितळ झालें. दांडीची तार उरली होती; ती बदलविली. टांकी भरून नळाला अखंड धार आल्यावरच वीज लाविली, कारण कोरड्या टांकींत आंतील तापणारी कांब जळून जाते.

गृहस्थांनीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दिवाळीच्या आधींच्या रविवारीं खूण केली. आजीबाईंच्या माहेरीं बंब घासण्याचा दिवसहि तोच असे.