खेळ आणि पट : शहापूर-मुरबाडच्या परिसरातील चित्रपटरसिकतेचा पूर्वेतिहास

चोखंदळ चित्रपटरसिक हा शहरांतील फिल्म सोसायट्यांनी घडविला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. १९४७ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेली फिल्म सोसायटी, १९५९ मधील अशा सोसायट्यांचा महासंघ, १९६४ मध्ये पुण्यास निघालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेले प्रभात चित्र मंडळ हे या समजुतीचे टप्पे होत. तिच्या अनुरोधाने पाहता कल्पकता, बुद्धीस आव्हान आणि रंजन या तिन्ही गोष्टी एकाच चित्रपटात मागणारा प्रेक्षक हे त्या चळवळीचे अपत्य ठरते. जत्रेच्या तंबूत जमिनीवर बसणारा प्रेक्षक मात्र निव्वळ करमणुकीचा भुकेला ठरतो. या संस्थांचे कार्य मोठे आहे, यात शंका नाही. परंतु ज्या मागणीचे श्रेय त्यांस दिले जाते ती मागणी त्यांच्या पूर्वी कित्येक वर्षे अस्तित्वात होती. आणि तिच्या खुणा शोधावयाच्या तर मुंबईपेक्षा ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगरपट्ट्याच्या आसपास त्या अधिक स्पष्ट सापडतात.

या पट्ट्याची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. शहापूर तालुक्यातून आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून नाशिककडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच गेला. मुरबाडास मात्र रेल्वे नाही. तेथील व्यवहार कल्याणशी गाडीवाटेने व पुढे मोटारीने चालला. भारतीय चित्रपटाच्या आरंभीच्या इतिहासातील तीन ठिकाणे या दोन तालुक्यांस वेढून आहेत : पश्चिमेस कल्याण, नैर्ऋत्येस वांगणी आणि घाटापलीकडे नाशिक. मुंबईवर खिळलेल्या इतिहासकाराच्या दृष्टीस हा त्रिकोण सहसा पडत नाही.

या मुलखातील माणूस रात्री उजेडात हलणारी चित्रे पहिल्यांदा पाहावयास बसला तेव्हा तो पाहण्याच्या कलेस नवखा नव्हता. जव्हार-मोखाड्याकडे आणि लगतच्या डोंगरपट्ट्यात होणारा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव रात्रभर चालतो. देव-दानवांची सोंगे संबळ-सनईच्या तालावर एकामागून एक प्रकाशात येतात व नाचून जातात. पाहणारास मुखवट्यामागचा गावकरी ओळखू येतो आणि तरीही तो त्यास देव मानतो. हे दुहेरी पाहणे फार महत्त्वाचे आहे. समोर दिसते ते खरे नाही हे जाणूनही त्यात रमावयाचे, आणि रमत असतानाच सोंग कसे वठले याचा निवाडा करावयाचा, ही सवय त्यातून अंगी बाणते.

भाषेनेही या सवयीची नोंद ठेविली आहे. शिष्ट मराठीने नाटकास 'प्रयोग' हा संस्कृत शब्द दिला. चित्रपटास लोकांनी 'खेळ' म्हटले. पहिला खेळ, दुसरा खेळ, रात्रीचा शेवटचा खेळ हे शब्द शहरांतील चित्रपटगृहांनीही स्वीकारले. या शब्दाचे गोत पाहिले म्हणजे त्याचा अर्थ उलगडतो. गारुड्याचा खेळ, डोंबाऱ्याचा खेळ, कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, सर्कशीचा खेळ. आणि कोकणात नमन करणारांस 'खेळे' हीच संज्ञा आहे. या सर्वांत एक समान सूत्र आहे. खेळ पाहणारा कथा ऐकतोच, परंतु त्याबरोबर कसबही पाहतो. गारुड्यापुढे उभा असलेला मुलगा युक्ती कोठे आहे ती हुडकीत असतो आणि ती न सापडल्यास अधिकच खूश होतो. 'खेळ' शब्दात रंजन आणि परीक्षा ही दोन्ही अंगे एकवटलेली आहेत. 'करमणूक' या शब्दात परीक्षेचे अंग नाही, आणि बहुधा म्हणूनच तंबूच्या दारावर तो शब्द कधी रुजला नाही.

या रसिकतेस यंत्राची जोड प्रथम मिळाली ती कल्याण येथे. १८९२ मध्ये महादेव गोपाळ पटवर्धन यांनी पितळे यांच्या साहाय्याने तेथे प्रकाशचित्रांचे खेळ सुरू केले आणि पुढे पटवर्धनांच्या मुलांनी ते चालविले. त्यांनी आपल्या यंत्रास 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले. शंबर हा मायावी दैत्य. त्याची विद्या ती शांबरी, म्हणजे माया किंवा जादू. विलायती जादूच्या कंदिलास देशी प्रतिशब्द देताना त्यांनी विज्ञानाकडे न जाता मायेकडे धाव घेतली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली रामायण-महाभारतातील चित्रे पडद्यावर मोठी करून दाखवीत आणि जोडीस निवेदन व गायन असे. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्थांच्या काचा झरझर बदलून हालचालीचा भास निर्माण करणे, ही या खेळाची खरी करामत होती. हे खेळ घेऊन पटवर्धन मंडळी देशभर हिंडली. ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविण्यात आली. म्हणजे कल्याणचा प्रेक्षक पडद्यावरील हालचालीचे कौतुक त्यापूर्वी चार वर्षे करीत होता. कथा सर्वांस पाठ असल्यामुळे कथेचे कुतूहल असण्याचा संभव नव्हता. लोक पाहावयास येत ते ती कथा 'कशी' दाखविली हे पाहण्यास.

हेच कुतूहल एका प्रेक्षकात पराकोटीस गेले आणि त्यातून भारतीय चित्रपट जन्मास आला. धुंडिराज गोविंद फाळके यांचे वर्णन जनक म्हणून नेहमी होते. प्रेक्षक म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः १९१०-११ च्या सुमारास गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून बाहेर पडणारे फाळके हे वेडे झालेले रसिकच होते. त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंस तो चित्रपट दाखविला. मिळेल तो चित्रपट पाहण्याचा सपाटा लाविला. आणि अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. पूर्वी कलाशिक्षण, छायाचित्रण, शिळामुद्रण आणि जादूचे प्रयोग असा प्रवास झालेला असल्यामुळे पडद्यावरील दृश्य पाहताना कथेवर, तंत्रावर आणि युक्तीवर अशी त्यांची नजर तिन्ही ठिकाणी एकाच वेळी असे. १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि तेथील चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक व निर्माते सेसिल हेपवर्थ यांस भेटून कॅमेरा घेऊन परतले. परतल्यावर त्यांनी जे पहिले चित्रण केले त्यात कथा नव्हती. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा अंकुर दिवसामागून दिवस थोडथोडा टिपून त्यांनी काही क्षणांत त्याचे रोप करून दाखविले. भांडवल मिळविण्यासाठी केलेला तो नमुना होता हे खरे. पण धनिकास पटवून देण्यासाठी त्यांनी राजा-राणी न निवडता एक कोडे निवडले, यात त्यांची रसिकता दिसून येते.

'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचे चित्रीकरण दादरच्या बंगल्यात झाले. बाह्य दृश्यांसाठी मंडळी वांगणीस गेली. हे गाव कल्याण-कर्जत मार्गावर असून आज ते अंबरनाथ तालुक्यात मोडते. तेथील एक प्रसंग फाळके यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. तलवारी-भाल्यांनिशी आलेली ती मंडळी पाहून गावात दरोडा पडला अशी गावकऱ्यांची समजूत झाली आणि खबर जाऊन सर्वांस अटकेत ठेवण्यात आले. फाळके मागाहून आले, कामाचे स्वरूप त्यांनी समजावून सांगितले, तेव्हा कोठे सुटका झाली. हा प्रसंग ग्रामीण भोळेपणाचा नमुना म्हणून हसत सांगण्याचा प्रघात आहे. तो प्रघात अन्यायाचा आहे. सोंगास सोंग म्हणून ओळखावयाचे तर वेळ, जागा आणि वाद्य यांची खूण लागते. बोहाड्याचा दानव ठरल्या रात्री संबळाच्या आवाजात येतो. दिवसाढवळ्या शस्त्रे घेऊन रानातून येणारी माणसे त्या संकेतात बसत नव्हती. फसले ते पाहणे नव्हे. नवा संकेत अजून ठरावयाचा होता, एवढेच.

तो लवकरच ठरला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात लागला आणि त्याच वर्षी फाळके यांनी आपला कारखाना नाशिकास हलविला. 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८), 'कालियामर्दन' (१९१९) हे चित्रपट तेथलेच. नाशिक-मुंबई लोहमार्ग कसारा घाटातून उतरत असल्यामुळे या चित्रपटांची मुंबईची वाट साहजिकच शहापूर तालुक्यातून गेली. फाळके यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या अर्थाचाही एक लघुपट १९१७ मध्ये काढला. युक्ती उघडी केल्याने गंमत जाते, असे गारुडी मानतो. फाळके यांचा विश्वास याउलट होता. युक्ती कळलेला प्रेक्षक अधिक रसिक होतो, असे त्यांनी धरिले.

फिरत्या चित्रपटाची व्यवस्था ऋतुमानाशी जखडलेली होती. जून ते सप्टेंबर या काळात या डोंगरपट्ट्यात तंबू उभा राहणे अशक्य. भाताची कापणी-झोडणी आटोपून हातात थोडा पैसा खुळखुळू लागला, की जत्रांचा हंगाम येतो. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा आणि तिचा गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. अशा यात्रांच्या जोरावरच महाराष्ट्रात तंबूचा सिनेमा जगला. त्यात बहुधा एकच प्रक्षेपकयंत्र असे, त्यामुळे दर रिळागणिक खंड पडे. हजार फुटांचे रीळ बोलपटाच्या गतीने अकरा मिनिटांत संपते. या खंडास तंत्राची उणीव म्हणून हिणविणे सोपे आहे, परंतु त्याचा परिणाम विचारात घेण्यासारखा आहे. दर अकरा मिनिटांनी काळोखात बसलेल्या शेकडो माणसांस आताच पाहिलेल्याविषयी बोलण्यास सवड मिळे. फिल्म सोसायटीत चित्रपटानंतर चर्चा घडवितात. तंबूत ती रिळारिळामध्ये आपोआप होई.

या प्रेक्षकासमोर पुढे कोणता चित्रपट आला हे पाहिले म्हणजे त्याच्या मागणीची जात कळते. बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटाने हरि नारायण आपटे यांच्या कथेवरून कर्जापायी जमीन गमावून शहराच्या गिरणीत जाणारा शेतकरी उभा केला. ज्या जिल्ह्यात सावकारी आणि वेठ यांविरुद्ध १९४५ मध्ये वारल्यांचा उठाव झाला, त्या जिल्ह्यात हा विषय कोणास परका वाटण्याचे कारण नव्हते. परंतु या संदर्भात खरा निर्णायक पुरावा आहे तो प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईत एका चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यास केवळ भक्तिपट म्हणणे अपुरे आहे. त्यात चमत्कारांची दृश्ये आहेत, ती कसबाने साधलेली आहेत. त्यात अभंग आहेत. आणि त्यात जिजाई आहे. नवऱ्याच्या भक्तीने चूल पेटत नाही, हे ती प्रत्येक चमत्कारानंतर ठणकावून सांगते, आणि चित्रपट तिला चूक ठरवीत नाही. वैकुंठास जाण्याचे निमंत्रण मिळूनही ती संसारात राहते. देव खरा की जिजाईची भूक खरी, हा प्रश्न प्रेक्षकाच्या हाती सोपवून विमान वर जाते. इतका अवघड प्रश्न घेऊन हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला, यास शहरी रसिकमंडळाचे साहाय्य नव्हते.

'चित्रपट' हा शब्दही येथे विसरून चालणार नाही. संस्कृतात चित्रपट म्हणजे चितारलेले कापड. त्यावरून 'मूकपट', 'बोलपट' अशी साधिते झाली. 'मध्यंतर', 'दिग्दर्शक' यांसारख्या शब्दांचे श्रेय बहुधा सावरकरांच्या भाषाशुद्धीस दिले जाते. विद्वानांनी 'पट' निवडला, लोकांनी 'खेळ' निवडला, आणि मराठीने दोन्ही ठेविले. तंबूत मात्र पट हा अक्षरशः पट होता : वाऱ्याने फुगणारे पांढरे कापड. आजही जत्रेचा तंबू पुरता उठलेला नाही. परंतु डिजिटल प्रक्षेपण आल्यानंतर रिळाचे डबे भंगारात गेले, जुनी यंत्रे गंजली आणि खेळांची संख्या रोडावली. महाराष्ट्रातील अशा तंबूवाल्यांच्या अखेरच्या वर्षांचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या अनुबोधपटात झाले असून, तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविण्यात आला.