गांवकारी : जमीन कोणाची, बांध कोणाचा?

सामाईक मालकी हे भांडणाचे मूळ, असा एक समज आम्हां वकील मंडळींत रूढ आहे. आणि वाटणीच्या दाव्यांचे गठ्ठे पाहिले म्हणजे तो अगदीच खोटा आहे असे म्हणवत नाही. असे असता गोव्याच्या जुन्या खेड्यांतून एक शेतकरी संस्था सामाईक जमिनीवर शेकडो वर्षे नांदली, तिने खाडीचे खारे पाणी अडवून भात पिकविले, आणि कदंब, विजयनगर, आदिलशाही व पोर्तुगीज अशी सत्तांतरे पचविली. ही संस्था म्हणजे गांवकारी. पोर्तुगीज अमदानीत तिला 'कोमुनिदाद' हे नाव पडले व सरकारी दप्तरांत आजही तेच चालते. तिच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी तिला रामराज्याचा अवशेष मानतो, तर कोणी मूठभर घराण्यांची मक्तेदारी म्हणून एका वाक्यात तिचा निकाल लावतो. आमच्या मते दोघांचीही दृष्टी जमिनीच्या मालकीवरच खिळलेली आहे. गांवकारीचे मर्म मालकीत नव्हते, ते बांधात होते, हे वाचकांपुढे मांडण्याचा येथे विचार आहे.

गांवकारीच्या चालीरीतींचा सविस्तर लेखी पुरावा म्हणजे 1526 सालचा 'फोराल'. आल्बुकर्कने 1510 मध्ये तिसवाडी जिंकली, त्यानंतर सोळा वर्षांनी अफोंसु मेशिया या महसूल अधिकाऱ्याने तेथील गांवकारांच्या रूढी लिहून काढविल्या. हेतू अर्थातच विद्याव्यासंगाचा नव्हता. कर नेमका कोणाकडून व कसा घ्यावा हे नव्या सत्तेस ठरवायचे होते. परंतु करासाठी लिहिलेले कागद पुष्कळदा इतिहासाच्या उपयोगी पडतात, तसे याचे झाले आहे. त्यात आरंभीच एक मूळकथा दिली आहे. पूर्वी ओसाड असलेल्या या बेटावर चार माणसे येऊन राहिली, त्यांनी जमीन लागवडीस आणली, वस्ती वाढविली. राजे नंतर आले, आणि रूढी व कब्जा कायम राखण्याच्या बदल्यात त्यांनी कर बसविला.

ही कथा खरी की कल्पित हा वाद बाजूस ठेवू. कायद्याच्या दृष्टीने तिचा अर्थ फार मोठा आहे. गांवकाराचा हक्क राजाच्या सनदेतून उत्पन्न झाला नाही, तो लागवडीच्या श्रमातून उत्पन्न झाला, असा हा दावा आहे. देशावरच्या खेड्यात मिरासदाराची जमीन त्याच्या घराण्याची असे आणि पाटील-कुळकर्ण्यांचे वतन राजसत्तेच्या मान्यतेवर उभे असे. येथे जमीन अवघ्या गावाची, आणि गाव राजाच्या आधीचा. जिंकणाऱ्याने स्वतःच्याच दप्तरात हे लिहून ठेवावे, हे विशेष होय.

फोरालावरून कारभाराची पद्धतही कळते. सर्व गांवकारांची संमती असल्याखेरीज गावाची जमीन कोणास देता येत नसे. सभेत कुळकर्णी हजर असावा लागे. त्याच्यावाचून झालेला ठराव ठराव नव्हे. अशा ठरावास 'नेम' म्हणत. मानपानही नोंदलेले आहेत. गावात नाचणारे आले तर त्यांनी प्रथम कोणाच्या दारी जावे, येथपर्यंत क्रम ठरलेला होता. कर गावाने एकत्र भरावयाचा. एखाद्याचे पीक बुडाले म्हणून गावाचा आकडा कमी होत नसे. शेते खंडाने देण्यासाठी लिलाव होई, त्यास गोव्यात 'पावणी' म्हणतात. पुढे तीन वर्षांची मुदत रूढ झाली. या उत्पन्नातून कर, देवस्थानाचा खर्च, बलुत्यांचे देणे आणि बांधांची डागडुजी वजा जाता जे उरे ते गांवकारांत माणसागणिक वाटले जाई. या वाट्यास 'झोण' म्हणत. येथे क्रम लक्षात घ्यावा. प्रथम खर्च, मागून वाटा.

या क्रमाचे कारण खाजन जमिनीत सापडते. मांडवी व जुवारी या नद्यांच्या मुखाकडील सखल भाग भरतीच्या पाण्याखाली जाणारा. तेथे चिखल, गवत व चिरे यांचे बांध घालून शेते राखलेली आहेत. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर मानली जाते. बांधात ठिकठिकाणी 'मानस' असते. ही लाकडी दारांची एक साधी पण बुद्धिमान योजना. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबानेच दारे मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातले जादा पाणी नदीस मिळते. पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुऊन निघते, मग 'कोरगुट' यांसारखे खारेपण सोसणारे भात पेरले जाते. पीक निघाल्यावर हिशेबाने खारे पाणी आत घेतात, त्यात मासळी व कोळंबी वाढते, आणि मानसीवर जाळे लावून ती धरण्याच्या हक्काचीही पावणी होते.

ही व्यवस्था किती नाजूक आहे हे आता सांगावयास नको. बांध एका जागी फुटला तर एकाचेच शेत बुडत नाही, आतला सगळा पट्टा खारावतो, आणि मीठ निघून जाण्यास काही पावसाळे खर्ची पडतात. शेतकऱ्यास गोडे पाणी हवे, मानसीचा हक्क घेणाऱ्यास खारे. या दोहोंमध्ये तोल राखणारा, स्वतः कोणाच्याच बाजूचा नसलेला, एक धनी लागतो. तो धनी गांवकारी होती. आपापली वाटणी करून घेतलेल्या शंभर खातेदारांस जे साधणे कठीण, ते सामाईक मालकीस साधले, कारण संकटही सामाईक होते.

मात्र याच ठिकाणी न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट बोलली पाहिजे. फोरालात नावे आहेत ती सभेत बसणाऱ्यांची. गुडघाभर चिखलात उभे राहून बांध रचणारे गावडे, कुणबी, मजूर यांस झोण नव्हती व मतही नव्हते. झोण पुरुषवंशाने चाले, त्यामुळे गांवकाराच्या मुलीसही ती नव्हती. गोव्यातच जन्मलेल्या दामोदर कोसंबी यांनी 1947 साली या ग्रामसंस्थेचा अर्थव्यवहाराच्या अंगाने अभ्यास केला, तो अशा भाबड्या गौरवास चांगला उतारा आहे. ज्यांच्या श्रमाने हक्क उत्पन्न झाला म्हणावयाचे, त्यांतले बहुतेक हक्काबाहेर राहिले, ही गांवकारीची मूळची उणीव होय.

ऱ्हास आला तो मात्र दुसऱ्या वाटेने. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनी चर्चकडे वळल्या, आणि गावाचा सभामंडप धर्माच्या कसोटीने विभागला गेला. हळूहळू बाहेरचे लोक उत्पन्नातील हिस्से विकत घेऊ लागले, ते खुंटकार. 1904 च्या संहितेने गांवकारी सरकारी देखरेखीखाली पक्की बांधली गेली. गांवकार मुंबईस किंवा आफ्रिकेत नोकरीस असे आणि त्याची झोण जमा होत राही. गावात न राहता गावाचा वाटा मिळू लागला, म्हणजे हक्क उरला व कर्तव्य सुटले. दिनांक 15 एप्रिल 1961 रोजी नवी संहिता मंजूर झाली, आणि त्याच वर्षी 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला.

मुक्त गोव्याने 1964 साली कूळ कायदा केला व 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कुळास जमिनीचा मालक मानले. कसणाऱ्यास जमीन मिळाली हे न्याय्यच झाले. वर सांगितलेली उणीव अंशतः तरी यामुळे भरून निघाली. परंतु कायद्याने जमीन जितक्या नेमकेपणाने हस्तांतरित केली, तितक्या नेमकेपणाने बांध हस्तांतरित झाला नाही. त्यासाठी कुळांच्या संघटना निर्माण करण्यात आल्या. काही ठिकाणी त्यांनी काम चोख केले. पुष्कळ ठिकाणी मानसीच्या पावणीचे पैसे भाताहून मोलाचे ठरले, खारे पाणी अधिक काळ आत राहू लागले, शेती परवडेना म्हणून तरुण मंडळी नोकरीस लागली, आणि शेते पडीक राहून त्यांत खारफुटी माजली. पडीक जमिनीवर घरबांधणीची नजर पडण्यास मग वेळ लागत नाही. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांचे संरक्षण व नकाशे करण्यास सांगितले आहे. ते स्वागतार्ह आहे. पण नकाशा काही पाणी अडवीत नाही.

जुनी गांवकारी जशीच्या तशी परत आणावी असे आमचे म्हणणे नाही. तिच्याबरोबर तिचा अन्यायही परत येईल. तिचा हिशेबाचा क्रम तेवढा घ्यावा. जो कोणी खाजनात एक गुंठाही धारण करतो, मग तो गांवकार असो, कूळ असो वा विकत घेणारा असो, त्याच्या हक्काच्या कागदावरच बांधाचा व मानसीचा भार चढविला जावा, आणि मानसीच्या उत्पन्नातून प्रथम बांध, मागून वाटा, असा नेम व्हावा. त्या सभेत चिखलात उतरणाऱ्या मजुरास आणि घरच्या लेकीसुनांस जागा असावी. असा नेम करण्यास नवी संहिता लिहिण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गावाने एकत्र बसले म्हणजे पुरे; भरती दिवसातून दोनदा येते, ती कोणाच्या सवडीसाठी थांबत नाही.